पहिल्या गिअरला थरथरणारी गाडी: परत परत येणाऱ्या दुखण्याचा छडा

लक्षण आधी सांगतो. गाडी उभी आहे, पहिला गिअर टाकला, क्लच सोडायला घेतला. पाय निम्म्यावर आला की अख्खी गाडी थरथरायला लागते. डॅशबोर्डवरचा गणपती डुलतो, आतल्या आरशात मागची गाडी दोन-दोन दिसते आणि मागे बसलेली आई सीटचा कोपरा धरते. क्लच पुरता सुटला की सगळं शांत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला काही नाही. रिव्हर्सला मात्र पहिल्याहूनही जास्त. त्यात आमच्या पार्किंगला चढ, त्यामुळे रोज संध्याकाळी सोसायटीला फुकट तमाशा.

गाडी साधी आहे. पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, केबलचा क्लच, २०१४ चं मॉडेल. दुखणं सुरू झालं तेव्हा ८८,००० किलोमीटर झाले होते. मी कराडला राहतो, सासुरवाडी चिपळूणची, म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. दीड वर्षात हे दुखणं दोनदा दुरुस्त झालं आणि दोनदा परत आलं. तिसऱ्या खेपेला गेलं ते गेलंच. मी मेकॅनिक नाही, पण तिन्ही वेळा गाडीशेजारी उभा होतो आणि वही ठेवली होती. ज्यांची गाडी असंच करते त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी डाव्या पायाला विचारा

"गिअर बदलताना गाडी हादरते" या एका वाक्यात निदान पाच-सहा वेगवेगळी दुखणी मावतात. गॅरेजमध्ये एवढंच सांगितलं की उत्तर ठरलेलं, "क्लच गेला." पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण क्लच का गेला हे कोणी सांगत नाही, आणि परत येणाऱ्या दुखण्यात सगळी गोम तिथेच असते.

म्हणून गॅरेजला जायच्या आधी सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवा आणि फक्त एक गोष्ट पाहा. थरथर सुरू होते तेव्हा डावा पाय कुठे असतो?

पाय मधल्या टप्प्यात असताना, म्हणजे क्लच धरू की नको करत असताना थरथर येत असेल, तर बघायच्या जागा दोनच. एक, क्लचची घासणारी तोंडं. दोन, इंजिनची फाउंडेशनं, म्हणजे ज्या रबरी बुशांवर इंजिन आणि गिअरबॉक्स टांगलेले असतात ती.

पाय पूर्ण बाजूला काढलाय, गिअर पडलाय आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी हादरते, तर क्लच प्लेटवर संशय घेऊ नका. प्लेट तेव्हा घट्ट दाबली गेलेली असते, तिला थरथरायला जागाच नसते. तिथे एक्सलचा आतला जॉइंट किंवा मिसिंग मारणारं इंजिन शोधायचं. त्याबद्दल पुढे.

पाय दाबलेला असताना पेडलमध्येच कापरं जाणवतं किंवा घरघर ऐकू येते आणि पाय काढला की थांबते, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचवर टेकून त्याला सोडवणारं बेअरिंग. नेमकं उलट, म्हणजे पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनचा जोर आत नेणाऱ्या दांड्याचं बेअरिंग.

आणि हादरण्याऐवजी गिअर पडताना करकर होत असेल, तर ती वेगळीच तक्रार आहे. गाडी बंद करून गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पुरता सुटत नाहीये. केबल ताणली गेली असेल, नाहीतर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर त्यात हवा शिरली असेल. बऱ्याच गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला तेल एकाच डबीतून जातं, तेव्हा डबीतली पातळीही बघून घ्या. बंद गाडीतही गिअर अडत असतील तर मग लिव्हरची लिंकेज किंवा खुद्द गिअरबॉक्स.

पहिला आणि रिव्हर्सच का?

इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक फिरतं. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये असते. पाय सोडताना ही प्लेट हळूहळू चिमटीत येते. थोडा वेळ घसरते, मग पकडते. पकड एकसारखी वाढत गेली तर गाडी हलकेच निघते. तोंडावर तेल असेल, चमक आली असेल किंवा पृष्ठभाग उंचसखल असेल, तर प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते, पुन्हा सुटते. हे सेकंदाला आठ-दहा वेळा झालं की आपल्याला थरथर जाणवते.

गाडी उभी असताना इंजिन आणि चाकं यांच्या वेगातला फरक सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे घसरण्याचा वेळही जास्त. त्यात पहिल्या गिअरचं गुणोत्तर लहान गाड्यांत साधारण साडेतीनास एक, रिव्हर्सचंही त्याच्याच आसपास. क्लचमधला बारीकसा झटका चाकापर्यंत कित्येक पटीने मोठा होऊन पोचतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना वेगातला फरक थोडा, गुणोत्तरही लहान, म्हणून तिथे तीच आजारी प्लेट शहाण्यासारखी वागते.

पहिली खेप: फक्त प्लेट

मेस्त्रींनी गाडी गल्लीत एकदा पुढे-मागे केली आणि म्हणाले, "प्लेट गेली." गिअरबॉक्स उतरवला. पूर्ण किट टाकायचं की नुसती प्लेट, असं त्यांनी विचारलं. किट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. महिनाअखेर होती. मी म्हणालो, "सध्या प्लेटच टाका, बाकीचं चालतंय ना?" ते म्हणाले, "चालतंय तसं." हे "तसं" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बिल साडेतीन हजार झालं.

गाडी चार महिने सुरेख चालली. मग पावसाळा आला, घाटाच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि एके दिवशी कोल्हापूर नाक्याच्या सिग्नलला गणपती पुन्हा डुलायला लागला.

दुसरी खेप: फाउंडेशन

या वेळी आधी घरीच पाहिलं. ही चाचणी कोणालाही जमते, पण दोन माणसं लागतात आणि आतला माणूस सरावाचा ड्रायव्हर पाहिजे. गाडी सपाटीवर, चारी बाजूंना मोकळी जागा, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर. बॉनेट उघडं. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहायचं, समोर किंवा मागे अजिबात नाही. आतल्याने पहिला टाकून क्लच हळूहळू इंजिनचा आवाज जड होईपर्यंतच सोडायचा आणि लगेच दाबायचा. मग तेच रिव्हर्सला.

मेहुणा आत बसला होता. पहिल्याला इंजिन जरासं कललं, तेवढं चालतं. रिव्हर्सला ते दोन-अडीच बोटं उचललं आणि "खट्" करून खाली बसलं. बॅटरी मारून खाली पाहिलं तर खालच्या फाउंडेशनचं रबर तुटलेल्या चपलेच्या अंगठ्यासारखं एका बाजूने लोंबत होतं.

केबलच्या क्लचमध्ये याचा आणखी एक त्रास असतो, तो मला मेस्त्रींनी केबल हातात धरून दाखवला. केबलचं एक टोक पेडलला, दुसरं गिअरबॉक्सवरच्या दांडीला. फाउंडेशन सैल असेल तर इंजिन डोलतं, त्याबरोबर गिअरबॉक्स हलतो आणि केबलचा ताण आपोआप कमी-जास्त होतो. म्हणजे तुमचा पाय स्थिर असला तरी गाडी स्वतःच क्लच दाबते आणि सोडते. अशा वेळी नवीकोरी प्लेटसुद्धा थरथरणार.

फाउंडेशन बदललं. थरथर निम्म्याहून कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण मी मनाची समजूत घातली की आता एवढं राहणारच. दोन महिन्यांत ती पुन्हा होती तिथे आली.

तिसरी खेप: पुठ्ठा

या वेळी एका मित्राने सुचवलेला उपाय केला आणि छडा लागला तो त्यानेच. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत बरोबर त्याच्या खाली ठेवला. सकाळी रुपयाएवढा एकच डाग. बोटाला लावून वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नाक मुरडायला लावणारा वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. हा तसा नव्हता. रंग काळपट, पातळ, म्हणजे इंजिन ऑइल. ते त्या जागेवर यायचा नेहमीचा रस्ता म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील.

गिअरबॉक्स तिसऱ्यांदा मोकळा होऊ नये म्हणून या वेळी मी सकाळपासून तिथेच बसलो. प्लेट बाहेर आली तेव्हा तिच्या कडेला दोन बोटं रुंदीचा काळा, ओलसर पट्टा होता. बाकीचा भाग कोरडा आणि राखाडी. मेस्त्रींनी पट्ट्यावरून नख ओढलं, नखात काळं लोणी आलं. वर्षही न झालेली प्लेट आणि ही दशा. फ्लायव्हील कापडाने पुसलं तर त्यावर निळे-जांभळे डाग, पोहे भाजताना कढईला पडतात तसे. घाटात मालाच्या ट्रकमागे हाफ क्लचवर सरपटत राहिल्याची ती सही होती. पोफळीवरून वर चढताना ट्रक चालत्या माणसाच्या वेगाने जातात, त्यांच्यामागे पहिल्यात क्लच अर्धवट धरून किती वेळ काढलाय ते त्या डागांत दिसत होतं. जास्त तापून तेवढी जागा कडक होते, आणि कडक जागेवर प्लेटची पकड वेगळी बसते. नुसती नवी प्लेट टाकून हे कसं जाणार?

थोडक्यात, पहिल्या वेळी गिअरबॉक्स उतरला होता तेव्हा सील फ्लायव्हीलच्या मागेच होतं. तीनशे रुपयांची वस्तू. आणि "प्लेटच टाका" म्हणणारा मीच होतो, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कोणी नाही.

काय काय केलं ते सांगतो. क्रँकचं सील नवं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही बदललं, ते गळत नव्हतं तरी. पूर्ण क्लच किट. फ्लायव्हील काढून फेसिंगला, म्हणजे तोंड सपाट करून घ्यायला पाठवलं. यात एक काळजी घ्या, ग्राइंडिंग करून देणारा मिळाला तर त्याच्याकडेच द्या. लेथचं टूल त्या कडक डागांवरून उडी मारतं आणि डागाच्या जागी बारीक उंचवटा राहतो. फेसिंग करून फ्लायव्हील कंपनीने दिलेल्या जाडीपेक्षा पातळ होत असेल तर मात्र नवंच घ्यायचं. आणि पुष्कळ डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते साध्या फ्लायव्हीलसारखं फेसिंगला द्यायची वस्तू नाही. त्यात खेळ आला की तेही गाडी निघताना हादरे देतं, आणि गाडी बंद करताना खडखड वाजतं. ते महाग असतं, म्हणून डिझेलवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच त्याचा भाव विचारून ठेवावा.

नवा क्लच बसवतानाच बिघडतो तो

किट नवं, सील नवं, फ्लायव्हील आरशासारखं, आणि तरी पहिल्याच दिवशी थरथर, असंही होतं. यात बसवणाऱ्याचा हात असतो, आणि हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गिअरबॉक्स परत चढवताना शाफ्ट प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात शिरला आणि गिअरबॉक्स तसाच लोंबकळत ठेवून कोणी बोल्ट शोधायला गेलं, तर सगळं वजन प्लेटवर येतं. प्लेटचा पत्रा कणभर वाकतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण पहिल्या गिअरला दिसतो. गिअरबॉक्स जॅकवर किंवा दुसऱ्या माणसाच्या हातावर तोललेला राहिलाच पाहिजे.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. ब्रेक क्लीनरने तो पुसायचा. प्लेटच्या लायनिंगला, म्हणजे घासणाऱ्या थराला, ग्रीसचे हात लावायचे नाहीत. शाफ्टच्या दातांना ग्रीस लावायचं ते नखाएवढं, ढीग लावला की फिरताना तो उडून लायनिंगवरच बसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवणाऱ्या डॉवेल पिना जुन्या कामात हरवलेल्या असतात, त्या आहेत का बघा. आमच्याकडे एक पिन हाऊसिंगमध्ये अडकून बसली होती, हातोडीने हलकेच बाहेर काढावी लागली.

बसवल्यावर पहिले पाचेकशे किलोमीटर जपून चालवली. चढावर हाफ क्लचवर थांबलो नाही, कोणाची गाडी ओढली नाही. थोडा जळका वास पहिल्या दिवशी आला आणि गेला.

तुमचं लक्षण यात बसत नसेल तर

शेजारच्या काकांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्याला जोर घेताना हादरायची, ॲक्सिलरेटर सोडला की गप्प. त्यांनाही क्लच सांगितला होता. खाली वाकून पाहिलं तर एक्सलचा आतला रबरी बूट फाटलेला, ग्रीस सगळं बाहेर उडून हाऊसिंगला चिकटलेलं. आतल्या जॉइंटचे रोलर कोरडे पडून जॉइंटच्या भिंतीत खाच पाडतात आणि जोर आला की गाडी बाजूला-बाजूला हलते. एक्सल बदलला, विषय संपला. वळताना कटकट आवाज येत असेल तर तो बाहेरचा जॉइंट.

इंजिन मिसिंग मारत असेल तर तेही गिअर टाकल्यावरच जाणवतं, कारण तेव्हा इंजिनवर ओझं येतं. प्लग, कॉइल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावा, गिअरबॉक्सला हात नंतर. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाही थरथरत असेल तर क्लच प्लेटचा विचार सोडाच.

ऑटोमॅटिकवाल्यांचं गणित वेगळं. एएमटी गाडी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आणि गिअर गाडी स्वतः चालवते ती, जी मारुती सेलेरिओमुळे २०१४ पासून आपल्याकडे सगळ्यांना माहीत झाली, ती गिअर बदलताना मध्ये थांबते आणि डोकं पुढे झुकतं. तो तिचा स्वभाव आहे, दुखणं नव्हे. बदलाच्या क्षणी पाय जरा सैल केला की झटका मऊ होतो. पण उभ्या जागेवरून निघताना ती थरथरत असेल तर आतला क्लच आपल्यासारखाच आहे आणि कारणंही तीच. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून तिला नवा क्लच कुठे पकडतो ते शिकवावं लागतं, ते राहिलं की नव्या क्लचवरही झटके. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत स्थिर वेगाला, हलका ॲक्सिलरेटर असताना रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटत असेल, तर पहिला संशय गिअरबॉक्सच्या तेलावर घ्या. आणि तेल टाकताना कंपनीने सांगितलेलंच टाका, दुकानदार "हे पण चालतं" म्हणाला म्हणून दुसरं नको.

एक थरथर अशी आहे की जिला काहीच करायचं नसतं, आणि कोकणात ती सर्रास भेटते. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की फ्लायव्हीलच्या आणि प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंजाची पातळ साय धरते. सकाळी पहिल्यांदा निघताना गाडी हादरते. दोन-तीनदा क्लच घासला की साय निघून जाते आणि थरथरही. दिवसभर पुन्हा येत नाही. जुनं दुखणं दिवसभर, तापल्यावर जास्त यायचं. हा फरक कळला नाही तर माणूस चांगला क्लच काढून टाकेल.

तिसऱ्या खेपेनंतर आता ११,००० किलोमीटर झाले. गेल्या श्रावणात चिपळूणला गाडी चार दिवस अंगणात भिजत उभी होती. परत निघताना फाटकापाशी रिव्हर्सला थरथरली. सासरे छत्री घेऊन पुढे आले, "जावईबापू, परत सुरू झालं की काय?" मी पुन्हा एकदा पुढे-मागे केली. गणपती डुलला. तिसऱ्यांदा क्लच सोडला तेव्हा तो जागचा हलला नाही, आणि मी बॉनेट न उघडता घाटाच्या दिशेने गाडी काढली.